टीव्हीवर चित्र आहे, आवाज नाही: घरच्या लिनक्स मीडिया संगणकाच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ मे २०२५

साताऱ्याच्या घरी टीव्हीच्या मागे जो छोटा संगणक बसवलेला आहे, त्यावर डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली असून संगणक सुरू होताच ग्नोम या डेस्कटॉपचे सत्र आपोआप उघडते आणि त्यात कोडी हे गाणी-चित्रपट लावणारे सॉफ्टवेअर पूर्ण पडदाभर चालू होते. आईवडिलांना फक्त रिमोट हाताळावा लागावा, कीबोर्डला हात लावण्याची वेळ येऊ नये, अशी ही रचना आहे. जुन्या कॅसेटींवरून उतरवून घेतलेली भजने, लग्नकार्यांचे व्हिडिओ आणि साठवलेले चित्रपट त्यावर आहेत. अलीकडे अधूनमधून असे घडते की चित्र दिसते, पण टीव्हीतून आवाज अजिबात येत नाही. कधी कित्येक दिवस आवाज व्यवस्थित असतो, कधी एका संध्याकाळी तो नाहीसा होतो आणि कोडी बंद करून पुन्हा उघडले तरी परत येत नाही. आईने केलेले वर्णन जसेच्या तसे नोंदवून ठेवतो, कारण दोष कधी येतो याचा एवढाच धागा सध्या हाती आहे: "लाईट जाऊन आली की त्याचा आवाज बसतो."

आज आलो तेव्हा दोष हजरच होता, हे बरे झाले. प्रथम टीव्ही निर्दोष आहे का ते पाहिले. सेट-टॉप बॉक्सचा आवाज त्याच टीव्हीतून स्वच्छ येतो. संगणकाची एचडीएमआय केबल बदलली, टीव्हीचे दुसरे पोर्ट वापरले, फरक पडला नाही. त्यानंतर संगणकाच्या हेडफोनच्या खाचेत हेडफोन जोडून कोडीत ते आउटपुट निवडले, तेव्हा तेच भजन स्पष्ट ऐकू आले. म्हणजे फाइल, कोडी आणि आवाज मिसळणारी यंत्रणा ही वरची सगळी बाजू ठीक आहे. अडथळा आहे तो संगणकातून एचडीएमआयच्या वाटेने बाहेर पडताना.

४ मे २०२५

लिनक्समधील आवाजाचे थर लक्षात घेतल्याशिवाय पुढची तपासणी भरकटते, म्हणून ते येथे लिहून ठेवतो. सर्वांत खाली कर्नलमधील, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यातील, आल्सा आहे, जी डिसेंबर २००३ मध्ये आलेल्या २.६ या कर्नलपासून लिनक्सची अधिकृत ध्वनियंत्रणा झाली. तिच्यावर, डेबियन १२ च्या ग्नोममध्ये, पाइपवायर हा आवाज मिसळणारा सर्व्हर चालतो आणि कोणता आवाज कोणत्या आउटपुटला जोडायचा हे वायरप्लंबर ठरवतो. कोडी सर्वांत वर आहे. आवाज गेला की मिळणारे बहुतेक सल्ले पल्सऑडिओ या जुन्या ध्वनि-सर्व्हरच्या फाइली खोडण्याचे किंवा सगळे पॅकेज काढून पुन्हा बसवण्याचे असतात. पल्सऑडिओ या संगणकावर चालतच नसल्याने ते येथे गैरलागू आहेत, आणि पुन्हा बसवण्याने दोष दबला तरी तो कोठे होता हे कधीच कळत नाही. मला तो कोठे आहे हे जाणून घ्यायचे आहे, कारण मी पुण्यात आणि संगणक साताऱ्यात अशी स्थिती असताना अर्धवट दुरुस्तीचा त्रास आईवडिलांना होतो.

म्हणून सर्वांत खालच्या थरापासून सुरुवात केली. एप्ले या कमांडने आउटपुटांची यादी मागवली, तेव्हा ० क्रमांकावर हेडफोनचे अ‍ॅनालॉग आउटपुट आणि ३, ७ व ८ या क्रमांकांवर एचडीएमआयची आउटपुटे दिसली. एकच एचडीएमआय पोर्ट असलेल्या संगणकावर तीन आउटपुटे दिसणे हा दोष नाही. ग्राफिक्सच्या चिपमध्ये तेवढ्या वाटा असतात, त्यांतील किती बाहेर काढायच्या हे मदरबोर्ड बनवणारा ठरवतो. आल्सामिक्सर उघडून एसपीडीआयएफ नावाच्या खुंट्या पाहिल्या, कारण एचडीएमआयचा आवाज याच नावाखाली बंद-चालू होतो आणि तेथे दोन एम अक्षरे दिसली तर तो बंद असतो. सर्व खुंट्या चालू होत्या.

मग पाइपवायर व वायरप्लंबर तात्पुरते थांबवून स्पीकर-टेस्ट थेट ३ क्रमांकाच्या आउटपुटवर चालवली. कमांड कोणतीही तक्रार न करता डावा-उजवा असा क्रम छापत राहिली आणि टीव्ही गप्पच राहिला. ही बाब महत्त्वाची आहे. पलीकडे ऐकणारे कोणी नसले तरी एचडीएमआयचे आउटपुट उघडू द्यायचे, असेच ड्रायव्हरचे, म्हणजे ते आउटपुट चालवणाऱ्या कर्नलमधील प्रोग्रॅमचे, धोरण आहे, कारण संगणक सुरू होताना वरचा सर्व्हर प्रत्येक आउटपुट उघडून पाहतो आणि तेथे त्याला नकार मिळाला तर तो ते आउटपुट मोजतच नाही. त्यामुळे चूक दाखवली गेली नाही एवढ्यावरून आवाज पोहोचला असा अर्थ काढता येत नाही. दोष आल्सापर्यंत खाली आहे, वरच्या थरांत नाही, एवढे मात्र आज निश्चित झाले.

१० मे २०२५

आजची तपासणी फलदायी ठरली.

एचडीएमआयमधून आवाज जाणे हे केवळ तार जोडण्यावर अवलंबून नसते. चित्राच्या दोन ओळींच्या व दोन चौकटींच्या मधे जो मोकळा काळ असतो, त्यात आवाजाचे तुकडे बसवून पाठवले जातात. डिसेंबर २००२ मध्ये एचडीएमआयची पहिली आवृत्ती आली, ती डीव्हीआय या आधीच्या चित्रजोडणीशी सुसंगत ठेवलेली होती. मात्र डीव्हीआयमध्ये आवाजाची सोय नव्हती. म्हणून समोर एचडीएमआय समजणारे यंत्र आहे अशी खात्री पटेपर्यंत संगणक डीव्हीआयच्या पद्धतीने नुसते चित्र पाठवतो, जेणेकरून जुन्या पडद्यावर घोटाळा होऊ नये. ही खात्री पटते ती ईडीआयडी नावाच्या माहितीपत्रकावरून. ते टीव्हीच्या आत साठवलेले असते आणि केबलमधील १५ व १६ क्रमांकांच्या पिनांवरून संगणक ते वाचून घेतो. त्याचा पहिला भाग १२८ बाइटांचा असून त्यात चित्राची माहिती असते. पुढच्या १२८ बाइटांच्या जोड-भागात हा एचडीएमआय टीव्ही आहे, तो आवाज घेतो, कोणत्या प्रकारचा आणि किती वाहिन्यांचा घेतो, हे नोंदलेले असते. ग्राफिक्सचा ड्रायव्हर त्यातील आवाजापुरता मजकूर वेगळा काढून ईएलडी या नावाने ध्वनीच्या ड्रायव्हरकडे सोपवतो. अर्थात चित्राच्या ड्रायव्हरला जे कळले नाही ते आवाजाच्या ड्रायव्हरला कधीच कळत नाही.

हा ईएलडी कर्नल आपल्याला उघडपणे वाचू देतो. प्रॉक फोल्डरातील एसाउंड या उपफोल्डरात प्रत्येक ध्वनिकार्डासाठी ईएलडीच्या छोट्या मजकूर-फाइली असतात. दोष असताना त्या सगळ्या वाचल्या: प्रत्येकीत मॉनिटर हजर ०, ईएलडी वैध ०. चित्र तर समोर स्वच्छ दिसत होते. ध्वनीच्या ड्रायव्हरच्या दृष्टीने मात्र पलीकडे टीव्हीच नव्हता.

टीव्ही चालू असतानाच संगणक पुन्हा सुरू केला आणि तीच फाइल परत वाचली. आता हजर १, वैध १, टीव्हीचे नाव, जोडणीचा प्रकार एचडीएमआय आणि आवाजाचे दोन प्रकार अशी भरगच्च नोंद होती: पहिला दोन वाहिन्यांचा एलपीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, ३२,०००, ४४,१०० व ४८,००० हर्ट्झ, दुसरा सहा वाहिन्यांचा एसी-३, म्हणजे दाबून लहान केलेला आवाज. भजन लावले, आवाज आला. यापुढे मिक्सर, कोडी किंवा पाइपवायर यांना हात लावण्याआधी ही एक फाइल वाचायची असे ठरवले. आवाज का नाही या प्रश्नाचे उत्तर कोणत्या बाजूला शोधायचे, हे तिच्यातील दोन अंक सांगतात.

११ मे २०२५

दोष आपल्या इच्छेने आणता येऊ लागला तरच तो समजला असे मी मानतो, म्हणून आज सुरू करण्याचा क्रम बदलून पाहिला. टीव्ही आधी, संगणक मागाहून: आवाज येतो. संगणक आधी आणि टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद: नंतर टीव्ही लावल्यावर चित्र येते, आवाज येत नाही, ईएलडी रिकामा. टीव्ही रिमोटने बंद, पण भिंतीवरचे बटण चालू: आवाज येतो. पुन्हा पुन्हा पाहिले तरी उत्तर हेच.

आईच्या निरीक्षणाचा उलगडा येथे झाला. वादळी पावसाचे दिवस असल्याने लाईट वरचेवर जाते, आणि ढग गडगडू लागले की वडील टीव्ही भिंतीवरच्या बटणापासून बंद करतात, जे अगदी योग्य आहे. लाईट परत आली की बायोस या संगणक सुरू करणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरमधील सेटिंगनुसार संगणक आपोआप सुरू होतो, तेव्हा टीव्हीला वीजच मिळालेली नसते. ईडीआयडी साठवणारी चिप संगणकाकडून १८ क्रमांकाच्या पिनेवर येणाऱ्या ५ व्होल्टवर चालावी आणि टीव्ही बंद असतानाही तिचे वाचन व्हावे, अशी अपेक्षा असते. पण या टीव्हीत तसे घडत नाही.

एक प्रश्न मात्र उरला होता. माहितीपत्रक मिळाले नाही तर चित्रही यायला नको होते, मग ते कसे येते? उत्तर ग्रब या सुरुवातीला कर्नल चढवणाऱ्या प्रोग्रॅमच्या सेटिंगमध्ये सापडले. कर्नलला दिलेल्या ओळीत व्हिडिओ या नावाने पहिले एचडीएमआय पोर्ट १९२० बाय १०८० वर सक्तीने चालू ठेवण्याची सूचना गेल्या वर्षी घातलेली आहे, कारण तेव्हा टीव्ही उशिरा लावला तर पडदा काळाच राहत असे. ती सूचना आपले काम चोख करते, पण तिच्यात केवळ चित्राचा आकार आहे. समोरचे यंत्र एचडीएमआयचे आहे की डीव्हीआयचे, ते ऐकू शकते की नाही, याबद्दल तिच्यात काही नाही. माहितीपत्रकाशिवाय ड्रायव्हर डीव्हीआय गृहीत धरतो आणि मूक चित्र पाठवतो. नंतर टीव्ही जागा झाला तरी तोच आकार चालू असल्याने चित्राची मांडणी नव्याने होत नाही आणि आवाजाची वाट बंदच राहते. पडताळा म्हणून दोष हजर असताना एक्सरँडआर या कमांडने ते आउटपुट बंद करून पुन्हा चालू केले. चित्राची मांडणी नव्याने झाली, ईएलडी भरला आणि आवाज आला.

१४ मे २०२५

पुण्याहून एसएसएच या दूरचा संगणक हाताळण्याच्या सोयीने जोडणी करून ईएलडीची फाइल वाचली. ती रिकामी होती. आईला फोन करून विचारले तर दुपारी लाईट गेली होती आणि आवाज येत नव्हता. एक्सरँडआरची कमांड येथूनच दिली, भजन सुरू झाल्याचे फोनवरच ऐकू आले. घरापासून दूर राहून टीव्हीला ऐकू येते की नाही हे आता पाहता येते, याचा मोठा आधार वाटला. तरीही तात्पुरती सोय म्हणूनच ही कमांड ठेवायची आहे. लाईट आल्यावर ती काही मिनिटांनी आपोआप चालवणारी स्क्रिप्ट लिहिता येईल, पण वडील टीव्ही नक्की केव्हा लावतील हे तिला कसे कळणार? माहितीपत्रक आधीच संगणकाजवळ असणे हाच खरा उपाय दिसतो.

१७ मे २०२५

टीव्ही चालू व आवाज ठीक असताना, सिस फोल्डरातील डीआरएमच्या, म्हणजे कर्नलच्या चित्रविभागाच्या, भागात त्या पोर्टच्या नावाखाली असलेली ईडीआयडी ही फाइल नकलून घेतली. नकलेचा आकार २५६ बाइट आहे हे आधी पाहिले. केवळ १२८ बाइट भरले असते तर जोड-भाग आलाच नसता आणि आवाजाची माहिती नसलेली नक्कल जपून ठेवण्यात अर्थ नव्हता. मग ईडीआयडी-डीकोड या साधनाने ती उलगडली. दोन्ही भागांची बेरीज-तपासणी बरोबर आहे, एचडीएमआयची ओळख सांगणारा भाग आहे आणि ध्वनीच्या भागात ईएलडीत दिसलेले दोन्ही प्रकार आहेत.

ही नक्कल, ड्रायव्हर जेथून आपल्या फाइली उचलतात त्या फर्मवेअरच्या फोल्डरात ईडीआयडी नावाचा उपफोल्डर करून त्यात ठेवली. ग्रबमधील जुनी सूचना तशीच राहू दिली आणि तिच्या जोडीला डीआरएमची ईडीआयडी-फर्मवेअर ही दुसरी सूचना घातली, जिच्यात पोर्टचे नाव आणि फाइलचे नाव द्यायचे असते. दोन्ही सूचना लागतात, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पोर्टवर सक्ती नसेल तर केबलवर कोणी उत्तर देते का हे ड्रायव्हर आधी पाहतो आणि उत्तर नसेल तर साठवलेल्या फाइलपर्यंत जातच नाही. आणि फाइल नसेल तर सक्ती केवळ मूक चित्र देते.

ग्रब अद्ययावत करून, टीव्ही भिंतीवरून बंद ठेवून संगणक सुरू केला. ईएलडी अजूनही रिकामा होता. कर्नलच्या नोंदींत ईडीआयडीची फाइल मागितली पण मिळाली नाही, अशा अर्थाची ओळ उणे २ या त्रुटी-अंकासह दिसली. उणे २ म्हणजे फाइल सापडली नाही. फाइल तर जागेवर आहे. अंधार पडल्याने आज येथेच थांबतो.

१८ मे २०२५

कारण लक्षात आले. या संगणकावर ग्राफिक्सचा ड्रायव्हर डिस्कवरची मुख्य प्रणाली जोडली जाण्याआधीच, स्मृतीत उलगडणाऱ्या इनिटरॅमएफएस या छोट्या तात्पुरत्या प्रणालीतून चढतो. त्या क्षणी त्याच्या दृष्टीने फर्मवेअरचा फोल्डर म्हणजे त्या छोट्या प्रणालीतला फोल्डर, आणि त्यात आमची फाइल नव्हती. ही प्रणाली बांधणाऱ्या इनिटरॅमएफएस-टूल्सच्या हुक फोल्डरात एक लहान स्क्रिप्ट लिहिली, जी ही फाइल त्या प्रणालीत त्याच नावाच्या फोल्डरात उतरवते. तिला चालवण्याची परवानगी दिली आणि इनिटरॅमएफएस नव्याने बांधून घेतला. हुकमुळे पुढे कर्नल अद्ययावत झाला तरी फाइल आपोआप बरोबर जाईल.

टीव्ही भिंतीवरून बंद, संगणक सुरू. दूरच्या लॅपटॉपवरून ईएलडी वाचला: हजर १, वैध १, टीव्हीचे नाव. मग भिंतीवरचे बटण दाबले, रिमोटने टीव्ही लावला आणि कोडीत भजन सुरू केले. आवाज आला. मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करून, म्हणजे लाईट जाण्यासारखीच स्थिती निर्माण करून हे वडिलांसमोर केले, आणि त्यांच्या नेहमीच्या पद्धतीने त्यांनाच टीव्ही लावू दिला. आवाज आला.

२४ मे २०२५

आठवड्यात लाईट गेली होती, आवाज टिकून आहे. आता एक छोटा दोष उघडा पडला, जो आधीच्या मोठ्या दोषाखाली झाकलेला असावा. भजन सुरू होताना पहिला शब्द किंवा पखवाजाची पहिली थाप गिळली जाते आणि मग आवाज अचानक सुरू होतो. काही सेकंद शांतता असली की वायरप्लंबर आउटपुट झोपवतो. मूळ सेटिंग ५ सेकंदांचे आहे. पुन्हा आवाज सुरू झाला की टीव्हीला तो प्रवाह नव्याने पकडावा लागतो आणि तेवढ्या वेळातला आवाज वाया जातो. हेडफोनवर हे जाणवत नाही, एचडीएमआयवर फार खटकते. डेबियन १२ मधील वायरप्लंबर ०.४ मालिकेतला असल्याने त्याचे सेटिंग लुआ भाषेतील फाइलीत लिहावे लागते. तेथे एचडीएमआयच्या आउटपुटापुरती झोपण्याची मुदत ० केली, म्हणजे ते कधीच झोपणार नाही. ध्वनीच्या ड्रायव्हरचे वीज वाचवण्याचे सेटिंगही ० केले. सुरुवातीची थाप आता पूर्ण ऐकू येते. वीज थोडी जास्त लागेल, पण भजनाचा पहिला शब्द तुटणे मला मान्य नाही.

७ जून २०२५

काही चित्रपटांना आवाज नाही, अशी वडिलांची तक्रार होती. ईएलडी पाहिला, तो वैध आहे. म्हणजे यावेळी शोध वरच्या थरांत घ्यायचा. त्या सर्व फाइलींतील आवाज डीटीएस प्रकारचा निघाला. कोडीत आवाज न उलगडता जसाच्या तसा टीव्हीकडे पाठवण्याची पासथ्रू ही सोय डीटीएससाठीही चालू होती आणि टीव्हीच्या माहितीपत्रकात एलपीसीएम व एसी-३ एवढेच आहे. पासथ्रू बंद केले, वाहिन्यांची संख्या २.० ठेवली, आता कोडी स्वतः आवाज उलगडून दोन वाहिन्यांत मिसळते. आधी सहा वाहिन्यांच्या काही चित्रपटांत संगीत मोठे आणि संवाद पुसट येत होते, तेही सुधारले, कारण संवाद बहुधा मधल्या वाहिनीत असतात आणि त्या वाहिनीसाठी या टीव्हीत वेगळा स्पीकर नाही.

ग्रबची फाइल, ईडीआयडीची नक्कल, हुकची स्क्रिप्ट आणि वायरप्लंबरचे सेटिंग यांच्या प्रती पुण्यातील संगणकावर ठेवल्या. टीव्ही कधी बदलला तर साठवलेले माहितीपत्रक जुन्या टीव्हीचेच राहील आणि नव्याला न पेलणारा आकार किंवा आवाज पाठवला जाऊ शकेल. म्हणून तेव्हा आधी ग्रबमधील ईडीआयडीची सूचना काढायची, नवा टीव्ही चालू ठेवून संगणक सुरू करायचा, २५६ बाइट पूर्ण आहेत की त्याहून अधिक ते पाहून नवी नक्कल घ्यायची, आणि ती डीकोड करून ध्वनीचा भाग तपासल्यावरच जुन्या फाइलीच्या जागी ठेवून इनिटरॅमएफएस पुन्हा बांधायचा. हा क्रम कागदावर लिहून संगणकाच्या खोक्यात ठेवला आहे.